पाहावं, टाकावं की वाढवावं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्त्यांचा विषय निघाला की आपल्या घरांत मेंढीकोट, झब्बू, बदाम सात ही नावं मोकळेपणानं घेतली जातात. तीनपत्तीचं नाव मात्र आवाज थोडा खाली करून घेतात. पोकर ही तीनपत्तीची परदेशातली थोरली बहीण, त्यामुळे तिच्याबद्दल नभोवाणीवर बोलायचं म्हणजे आधी थोडा खुलासा करणं भाग आहे. पैसे लावून खेळण्याची शिफारस करायला मी आलेलो नाही. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७ सालापासून आहे, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ साली केला. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवर कॅसिनो चालतात, ती गोष्ट वेगळी. मला बोलायचं आहे ते या खेळातल्या एका प्रश्नाबद्दल. अर्धवट माहितीवर निर्णय कसा घ्यायचा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरीकडे सहसा सापडत नाही. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यावर डोकं चालवलं ते काही पैशांसाठी नव्हे.

पोकरचे प्रकार पुष्कळ आहेत. आपण ‘टेक्सास होल्डेम’ घेऊ, आणि त्यातही ‘लिमिट’ पद्धत. प्रत्येक खेळाडूला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यानंच पाहायची. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पानं उघडली जातात: आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सातांतून उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची एक फेरी असते. ‘लिमिट’ याचा अर्थ एवढाच की किती लावायचे हे आधीच ठरलेलं असतं. समजा, दहा-वीसचा खेळ आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत दहा-दहानं लावायचं, पुढच्या दोन फेऱ्यांत वीस-वीसनं. नऊ लावता येणार नाहीत आणि नव्वदही नाहीत. सिनेमात दिसतं तसं सगळी रास पुढे ढकलून समोरच्याचा श्वास रोखून धरणं इथे होत नाही.

समोरच्यानं पैसे लावले की तुमच्यापुढे तीनच वाटा. तेवढेच पैसे देऊन ‘पाहायचं’, म्हणजे कॉल. पानं टाकून द्यायची, आपल्याकडच्या भाषेत ‘पॅक’. किंवा वाढवायचं. वाढवण्याचेही दोन प्रकार: हातात दम आहे म्हणून वाढवणं, आणि दम नसताना समोरच्याला पळवून लावण्यासाठी वाढवणं. या दुसऱ्या प्रकाराला मी ‘पोकळ वाढ’ म्हणतो. खरी गंमत तिथेच आहे.

एक डाव डोळ्यांसमोर आणा. खेळाडू दोघेच. तुमच्याकडे नव्वी आणि अठ्ठी आहे. पानं वाटल्यावर त्यानं वीस केले, तुम्हीही वीस पुरे केले. मध्ये चाळीस रुपये. टेबलावर तीन पानं उघडली: इस्पिकचा राजा, बदामची सत्ती, बदामची छक्की. तुमच्याकडे छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी अशी चारांची ओळ जमली. वर दश्शी किंवा खाली पंजी आली की पाचांची ओळ पुरी. तुम्ही दहा लावले, त्यानं वीस केले, तुम्ही पाहिलं. ऐंशी झाले. चौथं पान किलवरची दुर्री. उपयोग शून्य. तुम्ही गप्प बसलात, त्यानं वीस लावले.

इथे थांबून हिशोब करू. मध्ये ऐंशी अधिक त्याचे वीस, असे शंभर आहेत. तुम्हाला द्यायचे आहेत वीस. म्हणजे सहांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. तुम्हाला न दिसलेली पानं आहेत सेहेचाळीस. त्यांत तुमच्या कामाची आठ, म्हणजे चार दश्श्या आणि चार पंज्या. सेहेचाळिसांत आठ म्हणजे सहांत एक वेळेपेक्षा किंचित जास्त. बारकावे सोडले तर पाहणं योग्यच. तुम्ही वीस दिले, मध्ये एकशेवीस झाले, आणि शेवटचं पान पडलं चौकटचा गुलाम. ओळ जमली नाही. तुम्ही पुन्हा गप्प, आणि त्यानं पुन्हा वीस लावले.

आता मध्ये आहेत एकशेचाळीस. वीस देऊन एकशेचाळीस मिळवायचे, म्हणजे आठांत एकदा बरोबर ठरलात तरी नुकसान नाही. लिमिट पोकरचं हे मूळ आहे. चुकून पाहिलंत तर वीस जातात. चुकून टाकलंत, म्हणजे जिंकणारी पानं टाकून दिलीत, तर एकशेचाळीस जातात. एक चूक दुसरीच्या सातपट महाग. नवशिका ‘बहुतेक तो जिंकणार’ म्हणून पानं टाकतो. पण ‘बहुतेक’ हा इथे पुरेसा शब्द नाही. दहांपैकी आठ वेळा तो जिंकणार असेल, तरीही पाहणंच बरोबर.

पण तुमच्या हातात नव्वी-अठ्ठी आहे, आणि हा ‘आठांत एक’सुद्धा त्यांच्या आवाक्यात नाही. त्यानं बदामची पाच पानं जमवायचा प्रयत्न केला असेल आणि तो फसला असेल, तरी त्याच्याकडे एक्का किंवा राणी असणारच. तुमची नव्वी त्याच्या थापेलाही हरवत नाही. म्हणून नव्वी-अठ्ठीनं पाहणं ही तिन्हीतली सर्वांत वाईट निवड. एक तर टाका, नाहीतर वाढवा.

पोकळ वाढीचा हिशोब असा. तुम्ही चाळीस घालता आणि मधले एकशेचाळीस मिळवू पाहता. एकशेऐंशींत चाळीस, म्हणजे दोन-नवमांश. त्यानं शंभरांत बावीस-तेवीस वेळा पानं टाकली तर तुमची बरोबरी. ऐकायला हे सोपं वाटतं. शंभरांत तेवीसदा घाबरवायचं, एवढंच ना? आता त्याच्या खुर्चीत बसून पाहा. मध्ये एकशेवीस, त्याचे वीस, तुमचे चाळीस, असे एकशेऐंशी. त्याला आणखी फक्त वीस द्यायचे आहेत. दहांत एकदा तुम्ही थाप मारत असाल, एवढा संशय त्याला पुरे आहे. ज्याच्या हाती लहानशी जोडी आहे आणि ज्याला भागाकार येतो, तो पानं टाकणार नाही.

मग टाकणार कोण? ज्याचा स्वतःचा हातच पोकळ होता तो. समोरचा खेळाडू तोल सांभाळून खेळणारा असेल तर त्याच्या आठ लावण्यांत एक पोकळ असते, म्हणजे शंभरांत बारा-तेरा. तुम्हाला हवीत बावीस-तेवीस. उरलेली दहा कुठून आणणार? तो थापा जास्त मारणारा असेल, किंवा वाढ दिसली की लहान जोडी टाकून देणारा असेल, तरच ती मिळतात. ‘तो घाबरेल का’ असं मोघम विचारून इथे भागत नाही. तो आठांत एकापेक्षा जास्त थापा मारतो का, आणि खरी पण लहान पानं टाकतो का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर नव्वी-अठ्ठी निमूटपणे टाकावी.

आता त्याच डावात तुमच्या हाती एक्का-सत्ती असती तर? सत्तीची जोडी, मधला हात. त्याच्या थापेला ती हरवते, राजाच्या जोडीपुढे हरते. पुष्कळांना अशा वेळी हात शिवशिवतो: वाढवून पाहू, कळेल तरी तो खरा की खोटा. पण वाढवल्यावर पानं कोण टाकेल? ज्याला तुम्ही हरवलंच होतं तो. आणि पुढे कोण येईल? जो तुम्हाला हरवणार आहे तो. जास्तीचे वीस रुपये खर्चून मिळालं काय? काहीच नाही. मधल्या हातानं पाहायचं. उत्तम हातानं वाढवायचं. आणि थाप मारायचीच झाली तर ती मधल्या हातानं नाही, अगदी टाकाऊ हातानं मारायची. तिथे पाहण्यात काही किंमतच नसते, म्हणून वाढवताना काही गमवावंही लागत नाही.

हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. थोडीफार बरी पानं असताना थाप मारणं जास्त सुरक्षित, असं आपलं मन सांगतं. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं हे मनाचं सांगणं खोडून काढलं. खेळांच्या गणितावरचा त्याचा निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाला, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग मिळाला. त्यानं पोकरचं अगदी सोपं केलेलं रूप घेऊन दाखवलं की थाप मारणं हा स्वभावदोष किंवा धाडस नव्हे, तर अचूक खेळाचा आवश्यक भाग आहे, आणि तो सर्वांत वाईट पानांच्या वाट्याला येतो. थापेचे फायदे दोन. कधीतरी ती खपून जाते, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा: तुम्ही कधीकधी थाप मारता हे ठाऊक असल्यामुळे तुमच्या खऱ्या पानांनाही समोरचा पैसे देतो. कधीच थाप न मारणाऱ्याच्या चांगल्या पानांना गिऱ्हाईक मिळत नाही.

किती वेळा मारायची, याचं उत्तर घरच्या घरी पडताळता येईल असा एक खेळ हॅरॉल्ड कून यानं १९५० साली मांडला. कॅटमधून फक्त तीन पानं घ्या: राजा, राणी, गुलाम. दोघांनी मध्ये एकेक बी टाकायची. पैसे कशाला, चिंचोके चालतील. प्रत्येकाला एक पान, तिसरं पालथं. समोरचा म्हणाला, मी काही लावत नाही. आता तुमची पाळी. तुम्ही एक चिंचोका लावू शकता किंवा पानं उघडायला सांगू शकता. लावलात, तर त्यानं एक देऊन पाहायचं किंवा टाकायचं.

तुमच्याकडे राजा असेल तर लावायचा, यात विचार करायचं कारण नाही. राणी असेल तर मुळीच लावायचा नाही. गुलामवाला टाकेल, राजावाला पाहील. मघाच्या सत्तीच्या जोडीसारखंच हे. राहिला गुलाम. उघडला तर हरणारच. त्यानं तीनांत एकदा लावावं, असं गणित सांगतं. तीनांतच एकदा का? समोरच्याकडे राणी आहे असं धरा. मध्ये तीन चिंचोके, त्याला द्यायचा एक, म्हणजे चारांत एकदा तुम्ही खोटे असलात की त्याची बरोबरी. तुम्ही दर राजाला लावता आणि तीन गुलामांतल्या एकाला. तीन राजांमागे एक गुलाम, म्हणजे बरोबर चारांत एक. यापेक्षा जास्त थापा मारल्यात तर तो राणीनं नेहमीच पाहील. कमी मारल्यात तर नेहमीच टाकेल. तीनांत एकावर मात्र त्याला काय करावं हे कळेनासं होतं. काहीही केलं तरी त्याला सारखंच. त्याच्या राणीचंही तसंच: तिनं तीनांत एकदा पाहावं, म्हणजे तुमच्या गुलामाला थापेत ना नफा ना तोटा. अचूक खेळूनही पहिला बोलणारा अठरा डावांमागे सरासरी एक चिंचोका हरतो. नंतर बोलणाऱ्याला माहिती जास्त मिळते, तिची ही किंमत.

‘तीनांत एकदा’ याचा अर्थ पाळीपाळीनं, दर तिसऱ्या वेळी, असा नाही. तसं केलं तर समोरच्याला सुगावा लागेल. फासा टाकून एक किंवा दोन पडला तर थाप, अशी ती वाटणी हवी. डेव्हिड स्क्लान्स्की या लेखकानं पोकरच्या सिद्धान्तावरच्या आपल्या पुस्तकात यासाठी पानांचाच वापर सुचवला आहे: अमुक पान आलं तर थाप, अमुक आलं तर नाही. मग तुमचा चेहरा वाचून कुणाला काय कळणार? निर्णय चेहऱ्यानं घेतलेलाच नसतो.

टीव्हीवर जे पोकर गाजलं ते लिमिट नव्हे. २००३ सालच्या जागतिक स्पर्धेत टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस सॅमी फार्हा या मुरब्बी खेळाडूला एका मोठ्या थापेनं हलवून अखेर विजेता ठरला, आणि पोकरची साथ जगभर पसरली. ती ‘नो लिमिट’ पद्धत होती. तिथे मध्ये एकशेवीस असताना एकशेवीसही लावता येतात. मग पाहणाऱ्याला तीनांत एकदा बरोबर ठरावं लागतं. लिमिटमध्ये आठांत एकदा. थापेची धार या एका फरकानं बोथट होते. प्रेक्षकांना लिमिट कंटाळवाणं वाटतं ते यामुळेच, आणि माझ्या मते विचाराच्या दृष्टीनं ते जास्त प्रामाणिक आहे तेही यामुळेच. धाडसाचा तमाशा कमी, हिशोब जास्त.

तरीही हा हिशोब माणसांच्या हातून सुटतो. अँड्र्यू बील हा डॅलसचा बँकमालक. गणिताचा नाद असलेला. त्याच्या नावाचं एक न सुटलेलं प्रमेय आहे आणि त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. २००१ ते २००६ या काळात तो लास वेगासला जाऊन व्यावसायिक खेळाडूंशी एकेकट्यानं लिमिट होल्डेम खेळला. त्याचा डाव साधा होता. लावायची रक्कम इतकी वाढवायची की समोरच्याच्या पोटात गोळा यावा. आठांत एक हे प्रमाण वीस रुपयांना जसं असतं तसंच लाख डॉलरलाही असतं. फक्त लाख डॉलर हातात धरून आठांत सातदा हरायची तयारी ठेवणं वेगळं. व्यावसायिकांनी पैसे एकत्र केले, तोटा वाटून घेतला, म्हणजे तो गोळा लहान झाला. बीलनंही आपल्या विचाराला लागणाऱ्या वेळावरून कुणाला काही कळू नये म्हणून पायमोज्यात ठराविक सेकंदांनी थरथरणारं यंत्र बसवलं होतं, असं मायकेल क्रेग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. फेब्रुवारी २००६मध्ये फिल आयव्हीनं तीन दिवसांत त्याच्याकडून एक कोटी साठ लाखांहून जास्त डॉलर जिंकले. गणित बीललाही येत होतंच. आयव्हीला गणिताबरोबर बीलही वाचता येत होता.

माणूस वाचण्याची ही गरज यंत्राला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा ‘पोलारिस’ हा प्रोग्रॅम २००७ साली दोन माणसांकडून थोडक्यात हरला आणि २००८ साली जिंकला. पुढे मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेफियस’ तयार केला, आणि दोघांतलं लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सुटलं असं जानेवारी २०१५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून जाहीर केलं. त्याची शिकण्याची रीत मला फार आवडते. त्याला कुणी पोकर शिकवलं नाही. तो स्वतःशीच खेळत राहिला आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी हळहळीची एक वही लिहीत गेला: इथे टाकलं, पाहिलं असतं तर किती वाचले असते? पाहिलं, वाढवलं असतं तर किती मिळाले असते? ज्या निवडीची हळहळ साठत गेली ती पुढच्या वेळी जास्त करायची. ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस हेच करत होते. अखेरीस जे उरलं ते इतकं अचूक होतं की रोज बारा तास, तासाला दोनशे डाव, असं सत्तर वर्षं खेळूनही त्याच्यावर मिळवलेली आघाडी नशिबापासून खात्रीनं वेगळी काढता येणार नाही. त्याच्या वागण्यातही तेच दिसतं: कित्येक पानांना ठरलेलं एक उत्तर नाही, इतक्या वेळा वाढ, इतक्या वेळा टाका, अशी वाटणी आहे.

पण सेफियस हरत नाही याचा अर्थ तो जास्तीत जास्त जिंकतो असा नव्हे. समोर सगळं पाहणारा माणूस असेल, ज्याला पोकरवाले ‘कॉलिंग स्टेशन’ म्हणतात, तर त्याच्यापुढे एकही थाप मारायला नको. सेफियस मात्र आपल्या ठरल्या प्रमाणात मारतच राहतो. शहाणा खेळाडू इथे तोल सोडतो: पाहणाऱ्यापुढे फक्त खरी पानं लावतो, आणि टाकणाऱ्यापुढे थापा वाढवतो. मात्र तोल सोडला की स्वतःही वाचला जाण्याची वाट उघडते. कॅसिनोत तर याच्याही वर एक गोष्ट असते. मालक प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतो. दोघेही अचूक खेळले तर दीर्घ काळात दोघेही हरतात, आणि तो वाटा मोजणारा माणूस कधीच पानं उचलत नाही.

आणि हे सगळं दोघांपुरतं. टेबलावर तिसरा बसला की गणिताची ती खात्री जाते. तुमची पोकळ वाढ आता दोघांना पळवायला हवी, आणि प्रत्येक जण शंभरांत पन्नासदा पळणारा असला तरी दोघे मिळून साधारण पंचविसदाच पळतात. उलट पाहणाऱ्यालाही मागे कोणी बसला आहे का, याचा विचार करावा लागतो. आपण वीस देऊन पाहिलं आणि मागच्यानं वाढवलं तर आठांत एकाचा हिशोब तिथेच मोडतो. एखाद्या तिसऱ्याची चूक दुसऱ्याला फायद्याची आणि तुम्हाला तोट्याची ठरू शकते, तुमच्या हातून काही चुकलेलं नसतानाही.